औषधाच्या चिठ्ठीतील लॅटिन : क्रियापदांचे काळ आणि नित्य व्यवहारातील शब्द

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला लॅटिनचा पहिला परिचय शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथात होतो. स्नायूंची, अस्थींची, नसांची लांबलचक नावे तो पाठ करतो, परीक्षा देतो आणि ही भाषा आपल्याला आता येते असे समजतो. वास्तविक त्याला केवळ नामे आलेली असतात. क्रियापदाशी त्याची गाठ पडते ती पुढे, औषधाची चिठ्ठी लिहिताना. परंतु तेथे क्रियापद एका-दोन अक्षरांत आक्रसलेले असल्यामुळे ते क्रियापद आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. आपल्या स्मरणिकेचे वाचक जसे डॉक्टर आहेत तसेच डॉक्टरांकडे मुलांना घेऊन येणारे पालकही आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात लॅटिन क्रियापदाच्या काळांची तोंडओळख करून द्यावी, काही नित्याचे शब्द सांगावेत आणि चिठ्ठीवरची ती अक्षरे मुळात कोणाला उद्देशून होती हेही पाहावे, असा हेतू आहे.

गोमंतक आणि लॅटिन

ही भाषा आपल्या भूमीला परकी असली तरी अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली राशोल येथे छापले गेलेले त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' सर्वांना ठाऊक आहे. त्यांनीच लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, राशोलमध्येच मुद्रित झाले. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर होती. आपल्या बोलीतील क्रियापदांचे काळ अशा रीतीने लॅटिनच्या चौकटीत प्रथम बसविले गेले.

आपल्या व्यवसायाशी अधिक निकटचा प्रसंग कोचीनचा आहे. मलबारातील वनस्पतींवरील 'हॉर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी भाषिक वैद्यांनी त्यासाठी साहाय्य केले. त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीतील कोंकणीत छापलेले आहे व सोबत त्याचा लॅटिन अनुवाद दिला आहे. आपल्या वैद्यांचे ज्ञान युरोपला लॅटिनमधून कळले. मात्र त्यांची साक्ष त्यांच्या स्वतःच्या भाषेत राहिली.

पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ साली स्थापन झाले आणि १८५४ साली सुरू झालेल्या लिसेवच्या अभ्यासक्रमात लॅटिनचा समावेश होता. पेडणे व डिचोली हे तालुके नव्या काबिजादीतले; अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज सत्तेखाली आले. येथील शिक्षणाची परंपरा प्रामुख्याने मराठीची, त्यामुळे लॅटिनचे अध्ययन आपल्याकडे फारसे पोहोचले नाही. पेडणे तालुक्यातील मांद्रे या गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होत. त्या काळी लंडनची अधिकृत औषधसंहिता लॅटिनमध्येच निघत असे. ब्रिटिश औषधसंहितेची पहिली आवृत्ती १८६४ साली आली, ती इंग्रजीत. संहितेने भाषा बदलली. चिठ्ठीवरील संक्षेप मात्र मागे राहिले आणि आजही ते आपण लिहीत आहोत.

आपल्या तोंडचे लॅटिन शब्द

लॅटिन शिकण्यास आरंभ करणाऱ्याने प्रथम आपल्या घरातच डोकवावे. पोर्तुगीज ही लॅटिनची कन्या. तिच्यामार्फत मराठीत आणि कोंकणीत आलेले कितीतरी शब्द मूळचे लॅटिन आहेत.

'चावी' हा शब्द पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'क्लाविस'. याच 'क्लाविस'चे लघुरूप म्हणजे 'क्लाविकुला', छोटी किल्ली. आपले गळ्याखालचे हाड, क्लॅव्हिकल. 'पाव' हा लॅटिन 'पानिस'चा वंशज. 'पगार' हा 'पाकारे', म्हणजे शांत करणे, संतुष्ट करणे, या धातूपासून आला. महिन्याच्या एक तारखेला या व्युत्पत्तीचा प्रत्यय सर्वांस येतोच. शर्टाचे 'काज' म्हणजे 'कासा', झोपडी अथवा घर. गुंडीचे ते घरच. 'मेस्त्री' हा 'मागिस्तेर', म्हणजे गुरू, याचा अपभ्रंश. प्रसूतिगृहातील 'आया' ही लॅटिन 'आविया', म्हणजे आजी. 'नाताळ' म्हणजे 'नातालिस', जन्मासंबंधीचा. नवजात शिशूंच्या विभागाला आपण 'निओनेटल' म्हणतो त्यातही हेच पद आहे.

आणि गोव्यातील कोंकणीत ज्याला 'दोतोर' म्हणतात त्या डॉक्टरचे काय? 'दोकेरे' म्हणजे शिकविणे आणि 'दोक्तोर' म्हणजे शिकविणारा. रोग बरा करणे हा अर्थ त्या शब्दात नंतर आला. या गोष्टीकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा वळू.

संस्कृत जाणणाऱ्यांना आणखी एक वाट मोकळी आहे, कारण या दोन भाषा एकाच कुळातल्या. दन्त आणि 'देन्स', नासा आणि 'नासुस', जानु आणि 'गेनु', पाद आणि 'पेस', मास आणि 'मेन्सिस', मातृ आणि 'मातेर' या जोड्या पाहाव्यात. सप्त, अष्ट, नव, दश यांची लॅटिन रूपे 'सेप्तेम', 'ओक्तो', 'नोवेम', 'देकेम' अशी आहेत. उच्चाराबाबत एक खुलासा हवा. येथे प्राचीन रोमन उच्चार दिले आहेत. चर्चमधील परंपरेत 'ए' आणि 'इ' या स्वरांपूर्वी 'क'चा 'च' होतो.

सहा काळ

आता मुख्य पाठाकडे येऊ. 'कूरारे' म्हणजे काळजी घेणे, उपचार करणे. वर्तमानकाळात त्याची रूपे अशी :

कूरो – मी उपचार करतो
कूरास – तू उपचार करतोस
कूरात – तो उपचार करतो
कूरामुस – आम्ही उपचार करतो
कूरातिस – तुम्ही उपचार करता
कूरान्त – ते उपचार करतात

'पठसि, पठति, पठामः, पठन्ति' ज्यांनी शाळेत घोकले आहे त्यांना हे प्रत्यय ओळखीचे वाटतील. 'स, त, मुस, न्त' हे जणू 'सि, ति, मः, न्ति' यांचेच भाऊ. पुरुष आणि वचन प्रत्ययातूनच कळत असल्यामुळे लॅटिनमध्येही कर्त्याचे सर्वनाम वेगळे लिहावे लागत नाही.

काळ एकूण सहा. एका पुरुषाची रूपे पाहिली की बाकीची सुचतात :

वर्तमान : कूरात – तो उपचार करतो
अपूर्ण भूत : कूराबात – तो उपचार करीत होता
भविष्य : कूराबित – तो उपचार करील
पूर्ण भूत : कूरावित – त्याने उपचार केले
पूर्वभूत : कूरावेरात – त्याने उपचार केलेले होते
पूर्ण भविष्य : कूरावेरित – त्याने उपचार केलेले असतील

स्मरणाची खूण सोपी आहे. पहिल्या तीन काळांत मूळ 'कूरा' कायम राहते. मध्ये 'बा' आला की भूतकाळ, 'बि' आला की भविष्य. प्रथमपुरुषी एकवचनात भविष्याचा प्रत्यय 'बो' होतो : 'कूराबो', मी उपचार करीन. उरलेल्या तीन काळांत 'कूराव' हे मूळ येते आणि त्याला भूत-भविष्याची शेपटी जोडली जाते. सर्व लॅटिन क्रियापदे या एकाच साच्यात बसत नाहीत, गण चार आहेत. तथापि आरंभाला एवढे पुरेसे आहे.

आता अवतीभवतीचे शब्द तपासावेत. 'व्हिडिओ' म्हणजे मी पाहतो आणि 'ऑडिओ' म्हणजे मी ऐकतो, दोन्ही वर्तमानकाळ. पणजीहून मुंबईला जाणाऱ्या 'व्होल्वो' गाडीचे नाव म्हणजे 'मी फिरतो, गडगडत जातो'. 'ऑडी' या मोटारीचे नाव आज्ञार्थी आहे : ऐक! न्यायालयातील 'ॲफिडेव्हिट' म्हणजे त्याने शपथेवर सांगितले. 'कूरावित'शी ताडून पाहिले की पूर्ण भूताचा प्रत्यय स्पष्ट दिसतो. आणि ज्या औषधात औषध नसते त्या 'प्लासिबो'चा अर्थ काय? शेवटी 'बो' आहे, म्हणजे भविष्यकाळ, प्रथमपुरुष, एकवचन : मी संतुष्ट करीन. एका शब्दात संपूर्ण वाक्य आहे, आणि तेही आश्वासनाचे.

काळ आणि रोगवृत्त

काळांचा हा अभ्यास डॉक्टरला कशासाठी हवा, असा प्रश्न कोणी विचारील. बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण स्वतः बोलत नाही. 'इन्फंट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'न बोलणारा' असा आहे. त्याच्या वतीने आई बोलते आणि तिच्या वाक्यातील क्रियापदाचा काळ ही निदानाची पहिली सामग्री असते.

'वमति' या संस्कृत क्रियापदाचे लॅटिन भावंड 'वोमित'. आपण इंग्रजीतून 'व्हॉमिट' म्हणतो ते हेच, आणि त्याचा अर्थ 'तो ओकतो'. 'वोमेबात' म्हणजे तो ओकत होता, 'वोमुइत' म्हणजे तो ओकला. तिन्ही रूपांत फरक एखाद्या अक्षराचा, पण रुग्णाच्या खाटेपाशी तो मोठा आहे. एकदा ओकून खेळू लागलेले मूल आणि सकाळपासून ओकत असलेले मूल यांना एकच सल्ला देता येत नाही.

आपली कोंकणी या बाबतीत लॅटिनइतकीच काटेकोर आहे. पेडण्याची अथवा डिचोलीची आई 'जोर येता' म्हणते तेव्हा ताप चालू आहे. 'जोर येतालो' म्हटले तर तो काही काळ येत राहिला होता. 'जोर आयलो' म्हणजे ताप आला, आणि 'जोर आयिल्लो' म्हणजे येऊन गेला होता. आपण घाईने केसपेपरवर 'ताप, चार दिवस' एवढेच लिहितो आणि तिने दिलेला काळ गाळून टाकतो. डेंग्यूमध्ये हे गाळणे महागात पडू शकते. त्या आजारात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमक्या त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका असतो. 'येतालो, आतां ना' हे वाक्य ऐकून घरच्यांना हायसे वाटते. डॉक्टरने मात्र तेव्हाच पोटदुखी, वारंवार उलट्या, रक्तस्राव, सुस्ती, हातपाय गार पडणे आणि लघवी कमी होणे यांची चौकशी करावयास हवी. आईचे वाक्य अपूर्ण भूतकाळात असेल तर ते त्याच काळात लिहून घ्यावे.

चिठ्ठीवरील क्रियापदे

आता चिठ्ठीकडे येऊ. डाव्या कोपऱ्यात 'आर'च्या पायाला छेद देऊन काढलेली खूण म्हणजे 'रेकिपे', घे. हा आज्ञार्थ आहे. पोर्तुगीजमध्ये औषधाच्या चिठ्ठीला 'रेसेइता' म्हणतात, तेही याच धातूचे रूप. परंतु 'घे' असे कोणाला सांगितले आहे? अनेकांची समजूत अशी की, रुग्णाला. वास्तविक ही आज्ञा औषध तयार करणाऱ्याला, म्हणजे कंपाउंडरला आहे : अमुक द्रव्य इतके घे. पुढे 'मिस्के', मिसळ. मग 'फियात मिस्तुरा', मिश्रण केले जावे. शेवटी 'सिग्ना', खूण कर, म्हणजे बाटलीवर लिही.

या अखेरच्या 'सिग्ना'त सगळे मर्म आहे. डॉक्टर आणि कंपाउंडर यांच्यातील संभाषण लॅटिनमध्ये होई. बाटलीवरचा मजकूर रुग्णाला कळेल अशा भाषेत उतरविणे हे कंपाउंडरचे काम होते. आपल्याकडे तर पूर्वीच्या दवाखान्यांत मिश्रणाच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवीत. एक खूण म्हणजे एक मात्रा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ती पट्टी वाचता येत असे.

तयार गोळ्यांची आणि सिरपांची पाकिटे आली आणि तो कंपाउंडर मधून गेला. संक्षेप मात्र तसेच राहिले आणि ते सरळ आईच्या हाती पडू लागले. त्यांपैकी नेहमीचे काही पाहू.

'टी.डी.एस.' : तेर दिये सुमेंदुम. 'तेर' म्हणजे तीनदा, संस्कृत 'त्रिः'. 'दिये' म्हणजे दिवसात. 'सुमेंदुम' म्हणजे घ्यावयाचे. संस्कृतातील 'कर्तव्य', 'ग्राह्य' यांसारखे हे विध्यर्थी रूप आहे.

'बी.डी.' : बिस दिये, दिवसातून दोनदा. 'बिस' म्हणजे 'द्विः'.

'एच.एस.' : होरा सोम्नी, निद्रेच्या वेळी. 'सोम्नुस' हा 'स्वप्न' या शब्दाचा नातलग.

'ए.सी.' आणि 'पी.सी.' : आन्ते किबुम व पोस्त किबुम, जेवणापूर्वी आणि जेवणानंतर.

'पी.आर.एन.' : प्रो रे नाता, उद्भवलेल्या प्रसंगी. यातील 'नाता' म्हणजे जात, जन्मलेली. नाताळातले जन्माचे पद ते हेच.

'एस.ओ.एस.' : सी ओपुस सित, गरज असेल तर. समुद्रावरील संकटाच्या हाकेशी याचा काही संबंध नाही. 'एस्त' म्हणजे आहे, अस्ति. 'सित' म्हणजे असेल, असावे, संस्कृतातील 'स्यात्'. गरज आहे असे विधान येथे केलेले नाही, ती असल्यास काय करावे ते सांगितले आहे. मराठीत आपण 'असल्यास' म्हणतो तो हाच संकेतार्थ.

'ओ.डी.' हा संक्षेप तर दुहेरी आहे. आपल्याकडे तो दिवसातून एकदा या अर्थी लिहितात, पण नेत्रविभागात त्याचा अर्थ 'ओकुलुस देक्स्तेर', उजवा डोळा. अशा संदिग्धतेतून घडणाऱ्या चुका ध्यानी घेऊन अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली वर्ज्य संक्षेपांची यादी केली आणि 'रोज' व 'एक दिवसाआड' यांसाठीचे लॅटिन संक्षेप तीत घातले. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगितले. अक्षर वाचता आले, तरी अर्थ कळणे हे काम उरतेच.

'सिग्ना' आता कोणी करावे?

एक नित्याचे उदाहरण घेऊ. चिठ्ठीवर 'पॅरासिटामॉल, एस.ओ.एस.' असे लिहिले. डॉक्टरच्या मनात पूर्ण वाक्य असते : ताप असल्यास, वजनाच्या मानाने ठरविलेली मात्रा द्यावी, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे, चोवीस तासांत ठरविलेल्या मात्रांपेक्षा अधिक देऊ नये. तीन अक्षरांतून यांपैकी केवळ 'असल्यास' तेवढे पोहोचले. किती, किती वेळाने आणि कोठे थांबावे, हे तिन्ही राहून गेले.

त्यात औषधाच्या स्वरूपाची भर पडते. लहान बाळांसाठीच्या पॅरासिटामॉल थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपात पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम. म्हणजे पाच मिलिलिटरचा तोच चमचा थेंबांच्या बाटलीतून भरला तर ५०० मिलिग्रॅम, चौपट औषध पोटात जाईल. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेले मूल मांडीवर असता आईने हा हिशेब करावा अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तो आपण दिवसाउजेडी करून, मिलिलिटरच्या आकड्यात, तिला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावयास हवा. पेडणे-डिचोलीतील बहुसंख्य आया मराठी वाचतात. त्यांच्यासाठी 'सकाळी, दुपारी, रात्री', 'जेवणानंतर', 'ताप असल्यासच', 'सहा तासांच्या आत पुन्हा देऊ नये' असे लिहावयास अर्धे मिनिट पुरते.

आमच्या तरुण सहकाऱ्यांना म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली, आपण जो संक्षेप लिहितो त्याचे पूर्ण वाक्य एकदा तरी उच्चारून पाहावे. त्यातील क्रियापद आज्ञार्थी आहे की विध्यर्थी की संकेतार्थी, हे ओळखावे. दुसरी, तेच वाक्य रुग्णाच्या भाषेत चिठ्ठीवर उतरवावे आणि आईकडून एकदा वदवून घ्यावे. वाचक पालकांनाही सांगणे आहे की, चिठ्ठीवरील अक्षर समजले नाही तर ते विचारण्यात संकोच मानू नये. ते अक्षर मुळात आपल्यासाठी लिहिलेले नव्हतेच. ते समजून सांगणे हे 'दोतोर' या नावातच अंतर्भूत असलेले काम आहे.

लॅटिनचा अभ्यास पुढे नेऊ इच्छिणाऱ्यांनी रोज एक क्रियापद घ्यावे आणि त्याची सहा रूपे मराठी व कोंकणी अर्थांसह वहीत मांडावीत. आरंभ 'दारे', म्हणजे देणे, या क्रियापदापासून करावा. त्याचा आज्ञार्थ आहे 'दा', आणि मराठीतील 'दे' त्याच्या इतका जवळ आहे की पाठांतराची गरजच पडू नये.